मदरबोर्ड बदलताना फाइली कशा सांभाळाव्यात

मदरबोर्डवर तुमची एकही फाइल नसते. फोटो, हिशेब, पीडीएफ, जुने मेल हे सगळे हार्ड डिस्कवर किंवा एसएसडीवर असते, आणि बोर्ड बदलला तरी डिस्क तीच राहते. तरीही बोर्ड बदलताना लोकांचा डेटा जातो, आणि तो जाण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. डिस्क एनक्रिप्ट केलेली, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशी बंद केलेली असते आणि तिची किल्ली जुन्या बोर्डाबरोबर निघून जाते. नवे विंडोज टाकताना भलतेच पार्टिशन (डिस्कचा भाग) फॉरमॅट होते. किंवा एसएमपीएसची, म्हणजे वीजपुरवठ्याच्या डब्याची, चुकीची केबल लागून डिस्कच जळते. या तिन्हींवरचा उपाय जुने मशीन चालू असतानाच करायचा असतो. त्यामुळे बोर्ड खोलण्याआधीची एक संध्याकाळ या कामाला द्या.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (किल्ल्या सांभाळणारी सुरक्षेची सोय) लागते, आणि इंटेलच्या बाबतीत साधारणपणे आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे सहाव्या-सातव्या पिढीचे असेंबल्ड पीसी आता बोर्ड, प्रोसेसर आणि रॅम बदलून घेतले जात आहेत. इथे तोच नमुना धरला आहे: एच११० बोर्डाचा जुना पीसी, २४० जीबीच्या साटा (डिस्क जोडण्याची जुनी पद्धत) एसएसडीवर सी ड्राइव्ह, १ टीबीच्या हार्ड डिस्कवर डी आणि ई, आणि नवा बोर्ड बी७६०. तुमचे आकडे वेगळे असतील. क्रम हाच ठेवा.

पहिले काम: डिस्कला कुलूप आहे का ते पाहणे

विंडोज होम असेल तर सेटिंग्जमध्ये ‘डिव्हाइस एनक्रिप्शन’ शोधा. प्रो असेल तर कंट्रोल पॅनलमध्ये ‘बिटलॉकर’ उघडा. ‘धिस पीसी’मध्ये ड्राइव्हच्या चित्रावर छोटे कुलूप दिसले तरी तेच समजा. आपण कधी चालू केले नव्हते म्हणून नसेलच, असे धरू नका. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलेल्या बऱ्याच मशीनवर, विशेषतः लॅपटॉपवर आणि विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीनंतर नव्याने टाकलेल्या विंडोजवर, ते आपोआप चालू होते.

या कुलपाची किल्ली टीपीएममध्ये असते. टीपीएम ही बोर्डावरची वेगळी चिप असते किंवा प्रोसेसर-चिपसेटच्या फर्मवेअरमध्ये असते. बोर्ड बदलला की नवे टीपीएम त्या डिस्कला ओळखत नाही, आणि सुरू होताना निळ्या पडद्यावर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते: सहा-सहा अंकांचे आठ गट. ती नसेल तर डिस्क धडधाकट असूनही तिच्यातले काहीच वाचता येत नाही. डेटा रिकव्हरीवालाही ती उघडू शकत नाही.

सर्वात सरळ उपाय म्हणजे एनक्रिप्शन पूर्ण बंद करणे. ‘टर्न ऑफ’ केल्यावर डिस्क उलगडायला एसएसडीवर काही मिनिटे ते तासभर, मोठ्या हार्ड डिस्कवर कित्येक तास लागतात. ते पूर्ण होईपर्यंत मशीन खोलू नका. प्रोमध्ये ‘सस्पेंड प्रोटेक्शन’ हा झटपट मार्ग आहे, पण तिथून केलेले सस्पेंड पुढच्या रीस्टार्टनंतर आपोआप उठते. मधे अपडेटने एकदा जरी मशीन रीस्टार्ट केले तरी कुलूप परत लागलेले असते. वेळ असेल तर बंदच करा.

बंद करायचे असो वा नसो, रिकव्हरी की हाताशी ठेवा. मायक्रोसॉफ्ट खात्याच्या संकेतस्थळावर डिव्हाइसच्या यादीत ती मिळते. बिटलॉकरच्या पानावरून ती पेन ड्राइव्हवर किंवा कागदावरही घेता येते. कागदच घ्या, आणि ती की त्याच मशीनच्या डिस्कवर ‘सेव्ह’ करून ठेवू नका. प्रत्येक ड्राइव्हची की वेगळी असते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. डी ड्राइव्ह आपोआप उघडत असेल तर त्याची किल्ली सी ड्राइव्हवरच्या विंडोजमध्ये ठेवलेली असते. सी वर नवे विंडोज टाकले की डी स्वतःची की मागतो. म्हणून सी, डी, ई तिन्हींच्या की घ्या, आणि कोणती की कोणत्या ड्राइव्हची ते शेजारी लिहा. निळ्या पडद्यावर की-आयडीची अक्षरे दिसतात. त्यावरून जुळणी होते.

आता पासवर्ड. रोज चार अंकी पिन टाकून लॉगिन करणाऱ्यांना खात्याचा मूळ पासवर्ड आठवतच नाही. पिनही टीपीएमशी बांधलेला असतो, बोर्ड बदलल्यावर तो चालत नाही आणि पासवर्ड मागितला जातो. आजच दुसऱ्या मोबाइलवरून त्या पासवर्डने खात्यात लॉगिन होते का ते पाहून घ्या.

बॅकअप: डी सुरक्षित म्हणजे सगळे सुरक्षित नव्हे

दुकानात हमखास विचारला जाणारा प्रश्न: “सी मध्ये काही आहे का? फॉरमॅट मारू?” आणि हमखास मिळणारे उत्तर: “नाही, माझे सगळे डी मध्ये आहे.” पण डेस्कटॉप म्हणजे सी ड्राइव्ह. डाउनलोड्स, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स हेही सी ड्राइव्हच. मोबाइलमधून घेतलेले फोटो, स्कॅन केलेले सातबारा आणि दाखले, मुलांचे प्रोजेक्ट बहुधा तिथेच पडलेले असतात.

बाहेरच्या डिस्कवर सी मधल्या ‘यूझर्स’ फोल्डरातले तुमच्या नावाचे अख्खे फोल्डर घ्या, आणि नंतर डी, ई. घरात तीन जणांची तीन खाती असतील तर तिन्ही फोल्डर. व्ह्यू मेनूत लपलेल्या वस्तू दाखवायला सांगा, म्हणजे ‘अ‍ॅपडेटा’ही दिसेल, काही सॉफ्टवेअर आपला डेटा तिथे ठेवतात. काही फाइली ‘वापरात आहे’ म्हणून कॉपी होणार नाहीत. त्या बहुधा विंडोजच्या स्वतःच्या असतात, ‘स्किप’ चालेल. मात्र आउटलुक आणि टॅली बंद करूनच कॉपी सुरू करा, नाहीतर नेमक्या त्यांच्याच फाइली सुटतात.

काही गोष्टींना फक्त कॉपी पुरत नाही:

- ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड त्या विंडोज खात्याच्या किल्लीने बंद केलेले असतात. क्रोमचे फोल्डर उचलून नव्या विंडोजमध्ये टाकले तर बुकमार्क येतात, पासवर्ड येत नाहीत. सिंक चालू करा किंवा पासवर्ड एक्स्पोर्ट करा. एक्स्पोर्टची फाइल उघडी असते. काम झाल्यावर ती पुसून टाका.
- वनड्राइव्हमध्ये ज्या फाइलीवर ढगाचे चित्र आहे ती डिस्कवर नसतेच, फक्त नाव असते. गरजेच्या फोल्डरवर राइट क्लिक करून ‘ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस’ निवडा आणि हिरवी खूण येईपर्यंत थांबा.
- आउटलुकचे मेल साठवणारी पीएसटी फाइल बहुधा डॉक्युमेंट्समधल्या ‘आउटलुक फाइल्स’ फोल्डरात असते. ओएसटी फाइल ही सर्व्हरवरच्या मेलची प्रत असते, ती नेऊन उपयोग नाही.
- टॅलीचा डेटा म्हणजे आकड्यांच्या नावाची फोल्डर. ती कुठे आहेत ते कंपनी निवडण्याच्या पडद्यावर दिसणाऱ्या मार्गावरून कळते. पण टॅलीचे लायसन्स मशीनच्या हार्डवेअरशी बांधलेले असते. जुना बोर्ड चालू असताना आणि इंटरनेट असताना ‘सरेंडर लायसन्स’ करा, मग नव्या बोर्डावर पुन्हा सुरू करता येते.
- किरण, शिवाजी, श्रीलिपी यांसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली पत्रे युनिकोडमध्ये नसतात. वर्ड फाइल आली पण फॉन्ट आला नाही, तर मराठी मजकुराऐवजी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा घोळ दिसतो. मजकूर गेलेला नसतो, पण वाचताही येत नाही. सी मधल्या ‘विंडोज’ फोल्डरातल्या ‘फॉन्ट्स’मधून ते फॉन्ट आठवणीने उचला. नंतर नेटवर तोच फॉन्ट, तीच आवृत्ती शोधण्यात दिवस जातात.
- डिजिटल सही यूएसबी टोकनवर असेल तर चिंता नाही. विंडोजमध्ये बसवलेली असेल तर प्रमाणपत्र खासगी किल्लीसह एक्स्पोर्ट करा.

पेन ड्राइव्ह फॅट३२ असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल घेत नाही, ‘जागा असूनही फाइल मोठी आहे’ असे सांगते. लग्नाचा व्हिडिओ आणि पीएसटी इथेच अडतात. बाहेरची डिस्क एनटीएफएस किंवा एक्सफॅट असू द्या. वेळेचा अंदाज: ५०० जीबी डेटा निळ्या यूएसबी ३ पोर्टवरून बाहेरच्या हार्ड डिस्कवर जायला साधारण सव्वा ते दीड तास लागतो, जुन्या यूएसबी २ पोर्टवरून चार तास. लाखभर छोट्या फाइली असतील तर त्याहून जास्त.

कॉपी संपली की मूळ आणि प्रत दोन्हींचे ‘प्रॉपर्टीज’ उघडून फाइलींची संख्या जुळवा. मग प्रतीतून पाच-सहा फाइली खरोखर उघडून पाहा: एक जुना फोटो, एक एक्सेल, एक व्हिडिओ शेवटापर्यंत सरकवून. शक्य असेल तर उघडण्याची ही तपासणी दुसऱ्या मशीनवर करा. नंतर ती डिस्क काढून कपाटात ठेवा. बोर्ड बदलणाऱ्याच्या टेबलावर ती नको.

जुने विंडोज नव्या बोर्डावर उठेल का

फाइलींसाठी हे आवश्यक नाही. पण जुने विंडोज एकदा तरी उठले तर सगळे जागच्या जागी पाहता येते, म्हणून प्रयत्न करण्यासारखा आहे. विंडोज १० आणि ११ नवा बोर्ड बऱ्यापैकी समजून घेतात. पहिल्या वेळी ‘गेटिंग डिव्हाइसेस रेडी’ म्हणत थोडा वेळ काढतात आणि उठतात. अडचण येते ती दोन ठिकाणी.

पहिले ठिकाण: डिस्कची मांडणी. ‘सिस्टम इन्फर्मेशन’ उघडून ‘बायोस मोड’ पाहा. तिथे ‘लेगसी’ लिहिले असेल तर विंडोज एमबीआर या डिस्क मांडणीच्या जुन्या पद्धतीने बसलेले आहे. एच११० च्या काळातले बरेच असेंबल्ड पीसी असेच आहेत. नव्या बोर्डावर, विशेषतः वेगळे ग्राफिक्स कार्ड नसेल तर, जुन्या पद्धतीने बूट होण्याची सोयच बहुधा मिळत नाही. मग ‘बूट डिव्हाइस नाही’ असा संदेश येतो आणि डिस्क गेली असे वाटते. ती गेलेली नसते. डेटाची डिस्क एमबीआर असली तरी नव्या बोर्डावर व्यवस्थित वाचली जाते. अडते ते फक्त तिच्यावरून बूट होणे.

यासाठी विंडोजमध्येच एमबीआरचे नव्या जीपीटी मांडणीत रूपांतर करणारे ‘एमबीआर-टू-जीपीटी’ नावाचे साधन आहे, विंडोज १० च्या १७०३ आवृत्तीपासून. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडायचा, आधी ‘व्हॅलिडेट’ आणि ते बरोबर आले तरच ‘कन्व्हर्ट’ हा पर्याय द्यायचा. चालू विंडोजमधून करताना दोन्ही वेळा ‘अलाऊ फुल ओएस’ हा पर्यायही जोडावा लागतो. नावातला ‘टू’ हा आकडा आहे, आणि प्रत्येक पर्यायाआधी तिरकी रेघ येते. त्या डिस्कवर प्रायमरी पार्टिशन तीनपेक्षा जास्त असतील किंवा एक्स्टेंडेड पार्टिशन असेल तर व्हॅलिडेटच नकार देते. तसे झाले तर जबरदस्ती करू नका, नवे विंडोज टाकायची तयारी करा. रूपांतरानंतर जुना बोर्ड यूईएफआय (नव्या बूट पद्धतीच्या) मोडवर नेल्याशिवाय उठणार नाही. बॅकअप झाल्यावर आणि बोर्ड काढण्याच्या अगदी आधी हे करावे ते यासाठीच.

दुसरे ठिकाण: साटाचा मोड. जुना बोर्ड एएचसीआयवर (डिस्क नेहमीप्रमाणे वेगवेगळ्या) होता आणि नवा रेडवर (अनेक डिस्क एकत्र जोडण्याची सोय), किंवा उलट, तर ‘इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ लिहिलेला निळा पडदा येतो. नव्या बोर्डाच्या बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंग्जमध्ये) जुन्यासारखाच मोड लावा. ११ व्या पिढीपासूनच्या इंटेल मशीनमध्ये ‘व्हीएमडी’ नावाची सेटिंग असते, तीही बंद करून पाहा. व्हीएमडी चालू असताना विंडोजच्या सेटअपला कधीकधी एकही डिस्क दिसत नाही. ड्रायव्हर दिला किंवा ती सेटिंग बंद केली की डिस्क दिसते.

ज्यांनी बोर्डाच्या रेडवर दोन डिस्क जोडून एक केली आहे त्यांनी मात्र डिस्क तशाच उचलून नेण्याच्या भरवशावर राहू नये. इंटेलचा रेड एएमडीच्या बोर्डाला कळत नाही. नव्या बोर्डावर ‘क्रिएट’ किंवा ‘इनिशिअलाइझ’ म्हटले की संपले. इथे बॅकअप हाच एकमेव मार्ग.

बोर्ड बदलताना

शेवटचे शटडाउन शिफ्ट दाबून धरून करा. साध्या शटडाउनमध्ये ‘फास्ट स्टार्टअप’मुळे विंडोज अर्धवट झोपलेले राहते, आणि तशी डिस्क दुसऱ्या मशीनला लावली तर फाइल सिस्टम बिघडण्याचा धोका असतो. मग प्लग काढा, पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा, आणि कोणती डिस्क कोणत्या पोर्टला आहे त्याचा फोटो काढा. डिस्कवर चिठ्ठी चिकटवा: ‘सी’, ‘डी-ई, डेटा’.

एसएमपीएसही बदलत असाल तर जुन्या केबल कॅबिनेटमध्ये तशाच सोडू नका. मॉड्युलर एसएमपीएसमध्ये केबलचे डिस्ककडचे टोक सगळीकडे सारखे असते, पण एसएमपीएसकडच्या टोकातला तारांचा क्रम कंपनीगणिक, कधी मॉडेलगणिकही बदलतो. जुनी केबल नव्या एसएमपीएसला बसते, आणि डिस्कच्या ५ व्होल्टच्या तारेत १२ व्होल्ट जातात. एका क्षणात सगळ्या डिस्क एकदम जळतात. नव्या डब्यातून आलेल्या केबलच वापरा.

एम.२ एसएसडी असेल तर ती साटाची की एनव्हीएमईची (त्याहून वेगवान पद्धतीची) ते तिच्या लेबलवर पाहा. दिसायला दोन्ही सारख्या, पण नव्या बोर्डांवरचे बरेच एम.२ स्लॉट फक्त एनव्हीएमई घेतात. तिथे साटाची एसएसडी बसते, दिसत मात्र नाही. काही बोर्डांवर ठराविक एम.२ स्लॉट भरला की एखादे साटा पोर्ट बंद पडते. बोर्डाच्या पुस्तिकेत हे तक्त्यात दिलेले असते. डिस्क दिसत नसेल तर ती मेली असे ठरवण्याआधी पोर्ट बदला.

एएमडी बोर्डावर पहिल्यांदा सुरू करताना काळ्या पडद्यावर एफटीपीएम (फर्मवेअरमधले टीपीएम) रीसेट करायचा का, वाय की एन, असे विचारले जाऊ शकते. एनक्रिप्शन बंद केले असेल किंवा की हातात असेल तरच वाय दाबा.

पहिली सुरुवात आणि नवे विंडोज

पहिल्यांदा फक्त सी ची डिस्क जोडून सुरू करा. डेटाची हार्ड डिस्क सुटीच राहू द्या. विंडोज उठले, पासवर्डने लॉगिन झाले, फाइली दिसल्या की मशीन बंद करून डेटाची डिस्क जोडा. ‘डिस्क फॉरमॅट करायची आहे’ किंवा ‘इनिशिअलाइझ करा’ असा संदेश आला तर ‘कॅन्सल’. हा संदेश म्हणजे डिस्क रिकामी आहे असे नव्हे. विंडोजला ती कळली नाही एवढेच.

नवे विंडोज टाकायचेच असेल तर नियम एकच: त्या वेळी मशीनमध्ये एकच डिस्क असावी. सेटअपमध्ये ड्राइव्हची अक्षरे दिसत नाहीत, फक्त ‘डिस्क ०, पार्टिशन २’ असे आकडे दिसतात, आणि तुम्ही डी समजता ते तिथे काहीही असू शकते. बहुतेक डेटा बोर्डामुळे नाही, याच पडद्यावर जातो. शंभर-दीडशे जीबीचे दोन पार्टिशन असतील तर आकारावरून ओळखण्याचा भरवसाही नसतो. सी चे पार्टिशन फॉरमॅट न करता त्यावरच विंडोज टाकले तर जुन्या फाइली ‘विंडोज डॉट ओल्ड’ फोल्डरात जातात. त्या लगेच बाहेर काढा. अपग्रेडनंतर विंडोज हे फोल्डर दहा दिवसांनी आपोआप साफ करते, आणि ‘डिस्क क्लीनअप’मध्ये एका टिचकीने ते जाते.

नव्या बोर्डाचा लॅन आणि वायफाय ड्रायव्हर आधीच पेन ड्राइव्हवर ठेवा. नेट नसेल तर अ‍ॅक्टिव्हेशनही अडते. रिटेल लायसन्स मायक्रोसॉफ्ट खात्याला जोडलेले असेल तर अ‍ॅक्टिव्हेशन ट्रबलशूटरमध्ये ‘मी नुकतेच हार्डवेअर बदलले’ निवडून ते परत मिळते. मशीनबरोबर आलेले ओईएम लायसन्स जुन्या बोर्डाचे असते, ते हलत नाही. अ‍ॅक्टिव्हेशन गेले तरी फाइलींना काही होत नाही.

जुन्या डिस्कवरचे यूझर फोल्डर नव्या विंडोजमधून उघडताना ‘परवानगी नाही’ म्हणते. ‘कंटिन्यू’ दाबून थांबा. मोठ्या फोल्डरला दहा-पंधरा मिनिटे लागतात.

चुकून फॉरमॅट झालेच तर त्याच क्षणी मशीन बंद करा. हार्ड डिस्कवर क्विक फॉरमॅटनंतरही डेटा बहुधा जागेवर असतो, फक्त त्यावर नवे काही लिहिले जाऊ देऊ नये. रिकव्हरी सॉफ्टवेअरही त्या डिस्कवर टाकू नका. एसएसडीवर ट्रिममुळे, म्हणजे पुसलेली जागा लगेच साफ होत असल्यामुळे, ही संधी फार थोडी, बहुधा नसतेच.

बोर्ड आधीच मेला असेल तर

डेस्कटॉपमध्ये काळजी कमी. डिस्क काढून यूएसबी अ‍ॅडॉप्टरने दुसऱ्या पीसीला लावा. अडीच इंची आणि एम.२ ला यूएसबीची वीज पुरते. साडेतीन इंची हार्ड डिस्कला १२ व्होल्टचा वेगळा अ‍ॅडॉप्टर असलेलेच साधन लागते.

लॅपटॉपमध्ये आधी साठवण कुठे आहे ते पाहा. स्वस्त लॅपटॉपमधली ईएमएमसी बोर्डावरच डाग दिलेली असते. टी२ चिपच्या आणि एम मालिकेच्या मॅकबुकमध्येही साठवण बोर्डावर आहे, आणि ती त्याच चिपच्या किल्लीने एनक्रिप्ट केलेली आहे. अशा मशीनचा बोर्ड बदलणे म्हणजे डेटा सोडून देणे. सर्व्हिस सेंटरला देताना ‘बोर्ड रिप्लेस’ आणि ‘बोर्ड रिपेअर’ यांतला फरक विचारा. डेटा हवा असेल तर आधी तोच बोर्ड निदान एकदा चालू होईल इतका दुरुस्त करून देणारा माणूस शोधा, आणि जुना बोर्ड परत मागून घ्या.

सगळे नीट चालू लागल्यावर एनक्रिप्शन पुन्हा चालू करा. आता की नवी तयार होते, जुन्या कागदावरची चालत नाही. नवी लिहून जुनी फाडून टाका. कपाटातली बॅकअप डिस्क मात्र महिनाभर तरी रिकामी करू नका. या काळात एकदा रिटर्न भरून पाहा, जुने मराठी पत्र छापून पाहा, टॅलीत मागच्या वर्षाची कंपनी उघडून पाहा. राहून गेलेले फोल्डर सापडते ते अशाच कामाच्या वेळी.